कबुतराच्या 'दुधात' असतं तरी काय?

सस्तन प्राणी पिल्लांना दूध पाजतात, पक्षी चोचीने भरवतात, असं आपण वर्गात शिकवतो. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, कबुतरं पण दूध देतात म्हणे?" त्याला गप्प बसवू नका, प्रश्न चांगला आहे.

कबुतराच्या गळ्याखाली दाणे साठवायची एक पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमाराला या पिशवीच्या अस्तरातल्या पेशी भराभर वाढतात, प्रथिनं आणि चरबीने भरतात आणि सुटून पडतात. हेच ते दूध. ते पातळ नसतं. फाटलेल्या दुधातल्या गुठळ्यांसारखं, पिवळसर-पांढरं दिसतं. आणि ते नर-मादी दोघंही तयार करतात! हे सांगितल्यावर वर्गात हशा पिकतो, पिकू द्या.

मग याला दूध का म्हणायचं? कारण दोन्हीमागे एकच संप्रेरक आहे, प्रोलॅक्टिन. आईच्या दुधासाठी लागणारं हे संप्रेरक अमेरिकन शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी १९३३ च्या सुमारास ओळखलं आणि त्याला नाव दिलं, ते कबुतराच्या या पिशवीची वाढ मोजूनच.

घटक पाहिले की मात्र साम्य संपतं. कबुतराच्या दुधात जवळपास तीन चतुर्थांश पाणी, साधारण ११ ते १९ टक्के प्रथिनं आणि ५ ते १३ टक्के स्निग्ध पदार्थ असतात. गाईच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के, आईच्या दुधात तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे पाणी काढून टाकलं तर कबुतराच्या दुधात अर्ध्याहून जास्त प्रथिनंच उरतात. शिवाय रोगाशी लढणारी प्रतिपिंडंही त्यात असतात. डोळे मिटलेलं, जेमतेम पिसं असलेलं पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांतच वजनाने दुप्पट होतं ते यावरच. पुढे आईबाप त्यात हळूहळू भिजलेले दाणे मिसळू लागतात. चिमण्यांना पिल्लांसाठी किडे-अळ्या शोधाव्या लागतात, कबुतरांचं मात्र दाण्यांवर भागतं. म्हणून तर आपल्या गॅलरीत बारा महिने त्यांचा संसार!

कर्बोदकं मात्र या दुधात फारच थोडी, आणि लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर तर नाहीच. पालकांनी हे नीट लक्षात ठेवावं. घरट्यातून पडलेलं पिल्लू मुलं घरी आणतात आणि 'बिचारं भुकेलंय' म्हणून ड्रॉपरने गाईचं दूध पाजतात. पक्ष्यांना लॅक्टोज पचत नाही. पिल्लाला जुलाब होतात, शरीरातलं पाणी जातं. त्यात चोचीत ओतलेला थेंब श्वासनलिकेत गेला तर ते गुदमरतं. दूध नको, आणि ड्रॉपरने पाणीही नको.

घरटं सापडलं तर पिल्लू परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे. नंतर हात साबणाने धुवा. घरटं नसेल तर खोक्यात मऊ कापड घालून ते उबेला ठेवा आणि गावातल्या पक्षिमित्रांना किंवा पशुवैद्यांना लगेच फोन करा. पहिल्या काही दिवसांचं पिल्लू असेल तर त्याला काय भरवायचं, हे त्यांनाच ठरवू द्या.