पिसांवर तरंगणारा गळ

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीजवळ बोर धरणाचा जलाशय आहे. पावसाळा सरल्यावर अशा कुठल्याही संथ पाण्यावर दिवेलागणीच्या सुमारास बारीक बारीक वर्तुळं उमटू लागतात. मासे खालून वर येऊन किडे टिपत असतात. बोरचं जंगल १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा त्या हद्दीत गळ टाकायचा नाही. पण ती वर्तुळं नीट पाहिली, की मासेमारीतली एक अतिशय नाजूक कारागिरी कशासाठी जन्माला आली ते कळतं.

गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ टाकणं आपल्याकडे पोरासोरांनाही येतं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसतंच. दोरा, प्राण्याची लव आणि कोंबड्याचं पीस गळावर गुंडाळून खोटा किडा तयार करतात. त्याला फ्लाय म्हणतात. पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय. इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ साली तरंगत्या फ्लाय बांधण्यावर पुस्तक लिहिलं आणि या विद्येला शिस्त आली.

नक्कल बहुतेक वेळा मेफ्लाय नावाच्या किड्याची असते. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली जातं. पंख फुटून तो वर येतो तेव्हा त्याचं तोंड निकामी झालेलं असतं. तो काही खात नाही, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत मरतो. पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा किडा हा एकटाच. पाण्यातून बाहेर पडताना तो काही क्षण पृष्ठभागाला चिकटून राहतो. मासा त्याला गाठतो तो नेमका तिथेच.

जुन्या पद्धतीच्या ड्राय फ्लायची अडचण इथेच होती. तिच्यात पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळतात. त्यामुळे फ्लाय पिसांच्या टोकांवर उभी राहते आणि तिचं अंग पाण्याच्या वरच राहतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या विल्यम ब्रश यांनी १९३४ साली याच्या उलट रचनेचं पेटंट मिळवलं. दांडीवर एक छोटा खुंट उभा करायचा आणि पीस त्या खुंटाभोवती आडवं फिरवायचं, म्हणजे पिसाचे तंतू छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडे पसरतात. अशी फ्लाय हवेतून सावकाश, सरळ उतरते. पॅराशूट हे नाव त्यावरूनच पडलं.

बांधताना १४ नंबरचा गळ वाइस नावाच्या छोट्या शिकंज्यात घट्ट धरतात. (नंबर जितका मोठा, तितका गळ लहान.) दांडीवर नेढ्यापासून मागे दोऱ्याचा थर देतात. नेढ्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर वासराच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांची जुडी बांधून ती उभी करतात आणि तिच्या बुडाशी दोऱ्याचे वेढे वर-खाली घेत ती ताठ करतात. खरं कसब इथे लागतं. हा केसांचा खुंट लेचापेचा राहिला तर पुढे पीस ओढताना तो कलतो आणि सगळी फ्लाय वाकडी होते. मग शेपटीचे तंतू लावायचे, मेण लावलेल्या दोऱ्यावर लव पिळून त्याचं निमुळतं अंग गुंडाळायचं. शेवटी पीस. पहिला वेढा खुंटावर सर्वांत वर आणि पुढचा प्रत्येक त्याच्या खाली, असे चार-पाच वेढे घेतले की खालचे वेढे वरच्यांना आधार देतात. नेढ्यामागे गाठ मारून तिच्यावर लाखेचा थेंब सोडला की फ्लाय तयार. पांढरा खुंट माशाच्या नजरेत फारसा येत नाही. तो मासेमाराला दुरून दिसावा म्हणून असतो.

आता माशाच्या बाजूने पाहू. पाण्यात प्रकाश वळतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावलेलं दिसतं. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल, तर ही गोल खिडकी जेमतेम ६८ सेंटिमीटर रुंद असते. तिच्या पलीकडचा पृष्ठभाग खालून आरशासारखा चकाकतो. खिडकीबाहेरचा किडा माशाला दिसतच नाही. दिसतात त्या पायांनी आणि अंगाने पाणी दबून आरशावर उमटलेल्या प्रकाशाच्या खुणा. पॅराशूट फ्लायचे आडवे तंतू आणि पाण्यात टेकलेलं अंग नेमक्या अशाच खुणा उमटवतात. म्हणून ती उभ्या पिसांच्या फ्लायपेक्षा जास्त हुबेहूब नक्कल ठरते, असं मला वाटतं.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध पॅराशूट ॲडम्स. मूळची ॲडम्स लेनर्ड हॅलाडे यांनी १९२२ साली मिशिगनमध्ये बांधली. तिच्यात तपकिरी आणि पट्टेरी अशी दोन पिसं एकत्र फिरवतात. पट्टेरी पीस येतं पट्टेदार कोंबड्यांकडून. अमेरिकेत हेन्री हॉफमन यांनी आणि त्यांच्या कोंबड्यांचा वाण घेऊन टॉम व्हायटिंग यांनी केवळ पिसांसाठी कोंबडे निवडून वाढवले. त्यांच्या पाठीवरचं एकेक पीस इतकं लांब असतं की त्यात अनेक फ्लाय बांधून होतात.

आणि कोंबडा म्हटला की गोष्ट आपल्या जंगलात येते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण तिच्या पिवळ्या पायांचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात आणि व्हिक्टोरियन काळात सामन माशासाठीच्या फ्लायवर ते डोळे म्हणून लावत. त्यापायी हे पक्षी फार मारले गेले. आज तो कायद्याने संरक्षित आहे, त्याचं पीस भारताबाहेर नेता येत नाही, आणि ही बंदी हवीच होती. परदेशात आता त्यासाठी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी वापरतात.

पॅराशूट फ्लायला रानातल्या पिसाची गरज नाही. गावठी कोंबड्याच्या मानेवरचं अरुंद, कडक पीस निवडावं. रुंद आणि मऊ पीस पाणी पितं. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट ठेवावी. बांधून झालेली फ्लाय काचेच्या भांड्यातल्या पाण्यावर हातभर उंचीवरून सोडावी आणि खालून तिरकं पाहावं. ती खुंट वर करूनच उतरली, आणि चकाकत्या पृष्ठभागावर मधोमध अंगाची रेघ व भोवती तंतूंचे बारीक खळगे दिसले, तर वेढे बरोबर बसले आहेत. ती एका बाजूला कलंडली, तर खुंटाच्या बुडाशी दोऱ्याचे आणखी चार वेढे हवे होते.