बेस्ट : ट्रामपासून बसपर्यंत

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा आरंभ ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेल्या ट्रामने झाला. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला तीन आणे पडत आणि तिकीट म्हणून हातात काहीच मिळत नसे. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. वीजपुरवठा आणि ट्राम ही दोन्ही कामे एकाच कंपनीकडे होती. आज बस चालवणारा हाच बेस्ट उपक्रम शहर भागात घरोघरी विजेचे बिलही पाठवतो, त्याचे मूळ या जोडधंद्यात आहे. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून काढण्याची रीतही त्यातूनच पडली आणि बरीच वर्षे चालली.

अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी सुटली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी उपक्रम महापालिकेच्या ताब्यात गेला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली.

बेस्टची लाल बस मुंबईची हद्द ओलांडून ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरपर्यंत जाते. लोकलमधून उतरलेल्याला घर किंवा कचेरी गाठून देणे हे तिचे मुख्य काम. २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले, तेव्हा शेअर रिक्षाही महाग वाटू लागली. मे २०२५ पासून ते साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले. डिझेलवरील जुन्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी विजेवरच्या, वातानुकूलित दुमजली गाड्या धावतात.