पस्तीस हजार ब्रास दगड आणि तीन गोड्या विहिरी

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या जळकोटच्या नावात जळही आहे आणि कोटही. गाव मात्र बालाघाटाच्या रांगांत, मुरमाड आणि खडकाळ जमिनीवर वसलेलं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. इथला माणूस मालवणला जाऊन पाण्यातला खराखुरा कोट, सिंधुदुर्ग किल्ला, बघतो, तेव्हा दोन गोष्टींवर त्याची नजर खिळते: दगड किती लागला असेल, आणि प्यायचं पाणी कुठून आलं असेल? या किल्ल्याचं सगळं नवल या दोन प्रश्नांत आहे. चला, मोजूनच पाहू.

मालवणच्या धक्क्यावरून होडी दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याला लागते. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही, कारण तो दोन बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे. ज्या कुरटे बेटावर हा किल्ला उभा आहे ते सुमारे ४८ एकरांचं. आपल्याकडच्या पाच-पाच एकरवाल्या दहा शेतकऱ्यांची जमीन एकत्र केली, तर या बेटापेक्षा दोन एकर जास्तच भरेल. एवढ्याशा रानाला समुद्रात घातलेला दगडी बांध म्हणजे सिंधुदुर्गाचा तट.

हा तट सुमारे तीन किलोमीटर लांब, तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद आहे. त्यात ४२ बुरुज आहेत. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार केला की ३५ लाख घनफूट होतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पस्तीस हजार ब्रास बांधकाम, तेही पाया आणि आतल्या इमारती सोडून. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत एक ब्रास धरला, तर पस्तीस हजार ट्रॉल्या लागतील. ट्रॅक्टरसकट आठ-आठ मीटर धरून त्या एकामागे एक उभ्या केल्या, तर रांग २८० किलोमीटरची होईल. नांदेडहून लातूरला जाऊन परत नांदेडला यावं, साधारण तेवढी. वजन दोन लाख टनांच्या वर जाईल. हे सगळं भरसमुद्रात, ट्रॅक्टर आणि क्रेन नसताना.

आता वेळ बघा. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, शिवाजी महाराजांच्या पहिल्या सुरत स्वारीनंतर दहा महिन्यांनी झालेली. मार्च १६६७ अखेर किल्ला पुरा झाला, म्हणजे जेमतेम साडेआठशे दिवस. कोकणच्या पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या बंद राहतात. दोन पावसाळ्यांचे आठ महिने वजा केले, तर हाती राहतात सहाशे दहा दिवस. म्हणजे रोज ५८ ब्रास.

बखरीत तीन हजार मजुरांचा आकडा येतो. तो धरला तर माणशी रोजचा वाटा दोन घनफुटांच्या आत येतो, वजनात सव्वा ते दीड क्विंटल. एक माणूस, एक दिवस, दीड क्विंटल दगड: फोडायचा, घडवायचा, होडीत चढवायचा, उतरवायचा आणि तटावर नेऊन बसवायचा. सोयाबीनची पोती पाठीवरून वाहिलेल्या माणसाला या आकड्याचं वजन सांगावं लागत नाही. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लाटा या तटावर आदळत आहेत आणि तट उभा आहे.

याच तटावर, दरवाजाजवळच्या दोन लहान घुमट्यांत, चुन्यात उमटलेले दोन ठसे आहेत. एक हाताचा, एक पायाचा. ते शिवाजी महाराजांचे आहेत अशी श्रद्धा आहे. पस्तीस हजार ब्रासांच्या पसाऱ्यात हाताचा ठसा वीतभर जागेत मावतो. लोक तिथे चपला काढून वाकतात आणि काही क्षण कोणी बोलत नाही.

आता दुसरा प्रश्न, पाण्याचा. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर. बेटावर मुरलेलं पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून राहतं. या हिशेबानं समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं, तर खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असू शकतं. खडकाच्या भेगांप्रमाणे हा हिशेब कमीजास्त होतो, पण विहिरीला पाणी पुरवतो तो पाऊसच.

तो किती? किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटर, असा हात राखून अंदाज धरू. तरी ४८ एकरांवर जवळजवळ ३९ कोटी लिटर पाणी पडतं. लातूरकरांना हा आकडा कळायला एकच माप पुरे: पाण्याची रेल्वे. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीनं एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणलं. बेटावर वर्षाला पडणारं पाणी अशा १५५ गाड्या भरेल.

आता हीच फुटपट्टी आपल्या रानात लावू. लातूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणापुढे तो काहीच नाही असं आपण धरून चालतो. पण जळकोटच्या ४८ एकर रानावर या सरासरीनं साडेपंधरा कोटी लिटर पाणी पडतं, म्हणजे ६२ गाड्या. एका एकरावर बत्तीस लाख लिटर. आख्ख्या गाडीपेक्षा जास्त पाणी एका एकरात!

दुष्काळाच्या वर्षी हा आकडा निम्म्यावर येतो, पडलेल्यातलं बरंच पाणी उन्हानं उडून जातं, पीकही पितं. तरीही जे ओढ्यानं वाहून जातं ते थोडं नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर मावतं. मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटरांवरून एका खेपेला आलेल्या पाण्याएवढंच, जवळजवळ.

सिंधुदुर्ग जरूर बघा. तट चढा, बुरुज मोजा, जमलं तर आजूबाजूच्या सागरी अभयारण्यातली प्रवाळंही पाहा. पण परतीची होडी धरण्याआधी साखरविहिरीच्या काठावर पाच मिनिटं थांबा आणि घरी आल्यावर पहिल्या पावसाआधी आपल्या एका एकराचा हिशेब मांडा. बत्तीस लाख लिटर. त्यातलं थोपवाल तेवढं तुमचं.