आहार आणि दात-हिरड्यांचे आरोग्य

दात व हिरड्या यांचे आरोग्य आहारात कोणते घटक आहेत यावर, तसेच ते दिवसातून किती वेळा व कोणत्या स्वरूपात खाल्ले जातात यावर अवलंबून असते. दंतक्षयाच्या, म्हणजे दात किडण्याच्या बाबतीत साखरेचे एकूण प्रमाण आणि तिच्या सेवनाची वारंवारता या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रस्तुत लेखातील उदाहरणे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या परिसरातील आहेत.

दंतक्षयाची प्रक्रिया

दातांवर जमणाऱ्या चिकट थरात (प्लाक) स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स व इतर जीवाणू असतात. ते साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच मूल्य सुमारे ५.५ च्या खाली गेले की दाताच्या कठीण आवरणातील (दंतवल्क) कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळेमुळे आम्ल सौम्य होते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत मिळतात. मात्र त्यास वेळ लागतो. पुन्हा पुन्हा गोड खाल्ल्यास ही भरपाई अपुरी राहते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगात, जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट टॉफीमुळे दात अधिक किडल्याचे दिसले. मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीविना केलेला हा प्रयोग पुढे अनैतिक ठरवला गेला.

परिसरातील आहार

या तिन्ही शहरांतून असंख्य नोकरदार रोज लोकलने मुंबईकडे जातात. घरी, स्थानकाबाहेर आणि कार्यालयात मिळून दिवसात पाच कप चहा होणे नवलाचे नाही. प्रत्येक कपात दोन लहान चमचे (सुमारे ८ ग्रॅम) साखर धरल्यास ती ४० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमहून कमी असावी. ती ५ टक्क्यांखाली असणे अधिक हितकर. शिवाय पाच कप म्हणजे दातांवर आम्लाचे पाच हल्ले. चहाबरोबरची बिस्किटे, चिक्की व मिठाई दातांना चिकटून राहतात. गूळ आरोग्यदायी मानला जात असला, तरी दातांच्या दृष्टीने तो साखरच होय. बदलापूरच्या जांभळांसारखी अख्खी ताजी फळे मात्र मुक्त शर्करेत मोडत नाहीत.

हिरड्या

हिरड्यांच्या सुजेचे मुख्य कारण प्लाक हेच आहे. क जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावामुळे स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येते. आवळा, पेरू व लिंबू यांतून हे जीवनसत्त्व मिळते. मधुमेह आटोक्यात नसल्यास हिरड्यांचे विकार बळावतात. महाराष्ट्रात दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखू असून ती हिरड्यांना अपायकारक आहे व तिच्यामुळे मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

प्रतिबंध

• गोड पदार्थ शक्यतो जेवणाबरोबर खावेत. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे वा काकडी खावी.
• चहातील साखर व चहाच्या वेळा कमी कराव्यात.
• खाल्ल्यानंतर पाण्याने चूळ भरावी.
• बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.
• फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत.

आहारातील बदल हा दात घासण्याला पर्याय नाही. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असल्यास दंतवैद्यांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.