उताराच्या पायथ्याशी उभा असलेला पिता

दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे १३ फेब्रुवारी २०१८ रोजी सकाळी बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी एक गृहस्थ उभे होते. हातात स्वतः रंगवलेला फलक होता आणि त्यावर मुलीचे नाव होते. त्यांचे नाव जोंग जिन किम. सुमारे ३६ वर्षांपूर्वी हाच देश सोडून ते अमेरिकेला गेले होते. आता त्यांची सतरा वर्षांची मुलगी क्लोई अमेरिकेच्या वतीने हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उतरणार होती. प्रेक्षकांत क्लोईची आजीही होती. नातीला स्पर्धेत खेळताना ती प्रथमच पाहत होती.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. स्नोबोर्डिंग म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरत जाणे. त्यातील हाफपाइप या प्रकारात डोंगरउतारावर अर्ध्या नळीच्या आकाराची लांबलचक बर्फाची घळ तयार करतात. तिच्या दोन्ही भिंती सुमारे २२ फूट उंच असतात. खेळाडू एका भिंतीवरून वेगाने वर जातो, हवेत झेपावतो, गिरक्या घेतो, पुन्हा त्याच भिंतीवर उतरून समोरच्या भिंतीकडे जातो. परीक्षक १०० पैकी गुण देतात. अंतिम फेरीत प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि त्यांतील सर्वोत्तम गुण धरले जातात. एक संधी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. त्या अर्ध्या मिनिटामागे त्या दिवशी एका कुटुंबाची तेरा वर्षे उभी होती.

पंचवीस डॉलरची फळी

जोंग जिन किम १९८२ साली अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्या खिशात सुमारे ८०० डॉलर होते. आरंभी मिळेल ते किरकोळ काम करून त्यांनी पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, नोकरी मिळवली आणि कॅलिफोर्नियात संसार थाटला. परदेशात जाऊन शून्यातून घडी बसवणाऱ्या कोणत्याही कुटुंबाची असते तशीच ही कहाणी आहे.

क्लोई चार वर्षांची असताना तिला बर्फावर नेले, त्यामागे मुलीला विजेती करण्याचा कोणताही बेत नव्हता. वडिलांना स्वतःलाच हा खेळ शिकण्याची हौस होती. मुलगी बरोबर असली म्हणजे पत्नीही येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. इंटरनेटवरून २५ डॉलरला घेतलेली फळी तिच्या पायाला बांधली गेली. थोड्याच काळात असे दिसले, की वडील धडपडत आहेत आणि मुलगी मात्र सहज पुढे जात आहे. सहाव्या वर्षी ती स्पर्धक संघात दाखल झाली.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी अभियंत्याची नोकरी सोडली. तिला घेऊन ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे तिच्या आत्याकडे गेले. तेथे दोन वर्षे त्यांचा क्रम असा होता: पहाटे चारला उठायचे, दोन आगगाड्या बदलून फ्रान्समधील आव्होरियाझच्या डोंगरावर जायचे आणि सराव करून परतायचे. कॅलिफोर्नियात परत आल्यावर मॅमथ माउंटन हे सरावाचे ठिकाण घरापासून मोटारीने पाच-सहा तासांवर होते. मुलगी मागच्या आसनावर झोपलेली असे आणि वडील रात्रीच्या अंधारात गाडी चालवत असत.

तारण नसलेली गुंतवणूक

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर या निर्णयाला कोणत्याही बँकेने कर्ज मंजूर केले नसते. नियमित वेतन बंद. तारण काही नाही. परताव्याची मुदत अनिश्चित. आठ वर्षांच्या मुलीला बाराव्या वर्षीही हा खेळ आवडेल, याची हमी कोण देणार? एक वेडीवाकडी पडझड झाली, एक हाड मोडले, तर सारेच संपुष्टात येण्याची शक्यता. हिशेबाला पक्का मनुष्य असा जमाखर्च पाहून मान हलवील आणि ते चुकीचेही म्हणता येणार नाही. ज्यांची मुले कोठेच पोहोचली नाहीत, अशा पालकांच्या कथा वृत्तपत्रांत येत नसतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

क्लोईच्या बाबतीत गुण लवकर दिसले. तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय संघात आली. २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी तिचे कौशल्य पुरेसे होते, पण वय कमी पडले. वडिलांना आणि मुलीला आणखी चार वर्षे थांबावे लागले. २०१६ साली हवेत तीन पूर्ण गिरक्यांची उडी लागोपाठ दोनदा यशस्वी करणारी ती स्पर्धेतील पहिली महिला ठरली. या उडीला १०८० अंशांची उडी म्हणतात.

त्या सकाळी

अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी वडिलांनी मुलीला फोनवर संदेश पाठवला. कोरियन लोककथेत इमुगी नावाचा एक सर्प आहे. दीर्घ प्रतीक्षेनंतर तो ड्रॅगन होऊन आकाशात जातो. इमुगीने ड्रॅगन होण्याचा दिवस आज आला आहे, अशा आशयाचा तो संदेश होता. क्लोईचा जन्म २००० सालचा, म्हणजे तिकडच्या पंचांगाप्रमाणे ड्रॅगनच्या वर्षातला.

संदेश पाठवला आणि पित्याचे काम संपले. पुढे त्यांच्या हाती काही उरले नाही. मुलीला नोकरी सोडून वेळ देता येतो, शेकडो मैल गाडी चालवता येते, पहाटे उठवता येते. परंतु ती २२ फुटी भिंतीच्या वर हवेत असते, तेव्हा पित्याला फक्त खालून पाहता येते.

पहिल्या संधीत तिला ९३.७५ गुण मिळाले आणि ती आघाडीवर गेली. दुसऱ्या संधीत ती पडली. तिसऱ्या संधीत ती सर्वांच्या शेवटी उतरणार होती आणि तिची पाळी येण्यापूर्वीच कोणीही तिला मागे टाकू शकलेले नव्हते. सुवर्णपदक निश्चित झाले होते. सावकाश खाली आली असती तरी चालले असते. परंतु तिने पुन्हा तीच जोखमीची लागोपाठ दोन उड्यांची कामगिरी घेतली आणि ती निर्दोष पार पाडली. गुण आले ९८.२५. दुसऱ्या क्रमांकावरील चीनच्या लिऊ जियायूचे गुण ८९.७५ होते.

विजयानंतर मुलीने वडिलांविषयी जे सांगितले, ते मननीय आहे. वडिलांनी आपल्यासाठी फार मोठा त्याग केला आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर आपले सारे आयुष्य मागे टाकून असे करू शकलो असतो की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. सतरा वर्षांच्या मुलीला खातेवहीतील खर्चाची बाजू दिसत होती.

पदक आणि कचऱ्याची टोपली

कथा येथेच संपवली तर ती सुखद होईल, पण अपुरी राहील. त्या विजयाने क्लोईच्या वाट्याला अफाट प्रसिद्धी आली आणि तिच्याबरोबर असह्य ताणही आला. तिने पुढे स्वतःच सांगितले, की एका क्षणी तिने ते सुवर्णपदक आईवडिलांच्या घरातील कचऱ्याच्या टोपलीत टाकले होते. नंतर तिने ते परत घेतले. २०१९ मध्ये घोटा मोडल्यानंतर ती स्पर्धांपासून दूर राहिली आणि प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेली. जानेवारी २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लाक्स येथे ती परतली आणि जिंकली.

ज्या पदकासाठी वडिलांनी नोकरी सोडली, ते पदक मुलगी त्यांच्याच घरात टाकून देते. कोणत्याही पालकाला हा प्रसंग ऐकतानाही जड जाईल. पण मुलासाठी केलेला खर्च कर्जखात्यात लिहायचा की दानखात्यात, हा प्रश्न अशाच वेळी समोर उभा राहतो. कर्ज असेल तर मूल जन्मभर हप्ते फेडत राहते: कधी पदकांनी, कधी गुणपत्रिकेने, कधी मनाविरुद्ध गादीवर बसून. दान असेल, तर दिल्यावर त्याच्या विनियोगावर दात्याचा हक्क उरत नाही.

१० फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्लोईने पहिल्याच संधीत ९४ गुण मिळवून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. महिलांच्या हाफपाइपमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी ती पहिलीच ठरली. साथीमुळे परदेशी प्रेक्षकांना त्या वेळी प्रवेश नव्हता. या खेपेस उताराच्या पायथ्याशी फलक घेतलेले वडील नव्हते. ती एकटी उतरली आणि उभी राहिली.

आपल्या घरांतही मुले आता दुकानापेक्षा निराळे काही मागू लागली आहेत. कोणाला खेळ हवा आहे, कोणाला संगीत, कोणाला परगावचे शिक्षण. प्रत्येकाने नोकरी अथवा पेढी सोडून मुलामागे धावावे, असे कोणी म्हणणार नाही. ऐपत, मुलाची खरी ओढ आणि घरातील इतरांची गरज पाहूनच भांडवल घालावे, हा व्यवहार योग्यच आहे. मात्र एकदा घातले, की नोंद कोणत्या खात्यात करायची, हे आईवडिलांनी आरंभीच एकमेकांशी बोलून ठरवावे. मूल पडेल त्या दिवशी ती नोंद बदलता येत नाही.