जखम भरते, मग वण का वाढतो?

स्वयंपाकघरात हात भाजतो, मुलींचे कान टोचले जातात, ऑपरेशनचे टाके पडतात. बहुतेक जखमा भरून येतात आणि फिकट वण तेवढा राहतो. काहींचा वण मात्र जाड होतो, खाजतो, दुखतो. तो मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरू लागला, तर डॉक्टर त्याला किलॉइड म्हणतात. आपण मात्र दोष कान टोचणाऱ्याला देतो, नाहीतर मुलीने पथ्य पाळले नाही म्हणून तिलाच बोलतो. खरे कारण त्वचेच्या पेशींत असते.

जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे धागे विणून ती बुजवतात. काम झाले की त्यांनी थांबायचे असते. त्यांना आवरणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए. सुमारे २२ अक्षरांचे हे इवलेसे रेणू. प्रथिन बनवण्याचा पेशीतला निरोप ते अडवतात. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीतील या रेणूची माहिती प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

यांपैकी २९ क्रमांकाचा मायक्रोआरएनए कोलॅजनचा निरोप दाबतो. जखमेत टीजीएफ-बीटा हे प्रथिन वाढले की तो कमी होतो. उलट २१ क्रमांकाचा वाढतो आणि विणकामाला जोर देतो. लगाम सुटला की धाग्यांवर धागे चढत जातात. हृदय, फुप्फुस, यकृत यांतही असे धागे साचतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. म्हणून वणाचा हा अभ्यास केवळ रूपाचा प्रश्न नाही.

२९ क्रमांकाची नक्कल बनवून माणसांच्या त्वचेवर चाचण्या झाल्या आहेत; पण रोजच्या उपचारात ते औषध अजून आलेले नाही. तेव्हा अशा नावाने कोणी मलम विकत असेल तर फसू नये.

आपल्या हाती काय आहे? भाजल्यावर लगेच २० मिनिटे वाहते गार पाणी. टूथपेस्ट नको, बर्फ नको. घरात कुणाला किलॉइड असेल, तर मुलीचे कान टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. वाढलेला वण नुसता कापून टाकू नये, बऱ्याचदा तो पुन्हा वाढतो. सिलिकॉनची पट्टी, वणात द्यायची इंजेक्शने असे उपाय आहेत. आणि ओढणीआड कान लपवणाऱ्या मुलीला एवढे तरी सांगावे, की यात तिची काहीच चूक नाही.