ओट्यावरील सूक्ष्मतरंग भट्टी : आकारमान व स्थान यांचा विचार

घरोघरी 'मायक्रोवेव्ह' या नावाने ओळखली जाणारी सूक्ष्मतरंग भट्टी हे आता नवलाचे उपकरण राहिलेले नाही. तथापि तिची निवड करताना दुकानातील पाटीवरचे लिटर व वॅट हे दोन आकडे पाहिले जातात, आणि ती घरी आल्यावर जेथे जागा रिकामी असेल तेथे ठेवली जाते. या दोन्ही गोष्टींत यदृच्छेपेक्षा विचाराला अधिक वाव आहे. चुकीच्या निवडीचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नसतात. अन्नाचा मध्यभाग थंड राहणे, विजेची जोडणी तापणे, किंवा खांद्याच्या उंचीवरून उकळता पदार्थ अंगावर सांडणे, असे ते असू शकतात. उपकरणाच्या कार्यतत्त्वावरून त्याचे योग्य आकारमान व स्थान कसे ठरविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पूर्वपीठिका

या भट्टीचा उगम रडारविद्येत आहे. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल व बूट यांनी पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन सिद्ध केला. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतील अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या ध्यानात आले की, या नलिकेतून निघणाऱ्या तरंगांनी खाद्यपदार्थ तापतात. १९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच, म्हणजे सुमारे १.८ मीटरची, व सुमारे ३४० किलोग्रॅम वजनाची होती. तिला थंड ठेवण्यासाठी पाण्याचा नळ जोडावा लागे. ओट्यावर मावणारी घरगुती भट्टी अमाना कंपनीने १९६७ साली ४९५ डॉलर किमतीस विक्रीस आणली. म्हणजे भट्टी स्वयंपाकघरात कोठे ठेवावी हा प्रश्न १९६७ नंतरच खऱ्या अर्थाने सामान्य गृहस्थापुढे आला.

२. तापण्याची क्रिया व कक्षाचा आकार

घरगुती भट्टीतील तरंगांची कंप्रता २,४५० मेगाहर्ट्झ असते व त्यांची तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर भरते. ही पाण्याच्या रेणूची अनुनादी कंप्रता आहे, असा एक समज रूढ आहे, परंतु तो बरोबर नव्हे. द्रवरूप पाण्याचे शोषण साध्या तापमानास सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास कमाल असते. भट्टीची कंप्रता त्याहून पुष्कळ कमी आहे, आणि म्हणूनच तरंग पृष्ठभागावरच न संपता अन्नात काही अंतर आत शिरू शकतात. हे अंतर बहुतेक ओलसर पदार्थांत १ ते ३ सेंटिमीटर असते. त्यापलीकडील भाग मुख्यतः उष्णतावहनाने तापतो.

यावरून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. उंच व अरुंद भांड्यापेक्षा रुंद व उथळ भांड्यात अन्न अधिक समप्रमाणात तापते. सबब भट्टीची निवड करताना कक्षाच्या उंचीपेक्षा फिरत्या तबकडीच्या व्यासाला अधिक महत्त्व दिले पाहिजे.

कक्षाच्या धातूच्या भिंतींवरून तरंग परावर्तित होऊन आत अप्रगामी तरंग निर्माण होतात. त्यांच्या लगतच्या दोन प्रस्पंदांमधील अंतर साधारणतः अर्ध्या तरंगलांबीएवढे, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर असते. प्रस्पंदाच्या जागी अन्न कढत होते, तर निस्पंदाच्या जागी कोमट राहते. फिरत्या तबकडीचे प्रयोजन हेच की, अन्नाचा प्रत्येक भाग क्रमाने दोन्ही प्रकारच्या जागांतून जावा. तबकडीचा मध्यबिंदू मात्र फिरूनही जागच्या जागीच राहतो. म्हणून एकच वाटी तापवायची असल्यास ती मध्यभागी न ठेवता कडेला ठेवणे युक्त होय.

कक्षाचे घनफळ वाढले की त्यात संभवणाऱ्या कंपनप्रकारांची संख्या त्याच प्रमाणात वाढते. स्थूल गणितानुसार २० लिटरच्या कक्षात २,४०० ते २,५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सुमारे ११, तर ३० लिटरच्या कक्षात सुमारे १७ प्रकार संभवतात. प्रकार जितके अधिक, तितके क्षेत्राचे वितरण सामान्यतः अधिक सारखे. मोठ्या भट्टीचा हा एक खरा लाभ आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. मोठ्या कक्षात अगदी थोडे अन्न ठेवले तर बरीचशी शक्ती अन्नात न जिरता भिंती व नलिका यांच्याकडे परत जाते.

अन्न सारखे न तापण्याचा प्रश्न केवळ रुचीचा नाही. शिळे अन्न पुन्हा तापविताना त्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान यावे, अशी अमेरिकेतील अन्नसुरक्षा यंत्रणांची शिफारस आहे. कडेला वाफ दिसत असूनही मध्यभाग कोमट राहिला, तर तेथील जंतू जिवंत राहतात. म्हणून मध्ये एकदा ढवळणे आणि तापविल्यावर दोन मिनिटे झाकून ठेवणे, हा क्रियेचाच भाग मानला पाहिजे.

३. लिटर, तबकडी आणि वॅट

पाटीवरील लिटर हे संपूर्ण कक्षाचे घनफळ असते. त्यातील सर्व जागा वापरता येत नाही. उदाहरणार्थ, ३१ × ३१ × २१ सेंटिमीटर मापाचा कक्ष २० लिटरचा भरतो. परंतु २५.५ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर १८ सेंटिमीटर उंचीपर्यंतची जागा विचारात घेतली, तर ती सुमारे ९ लिटरच होते. म्हणजे निम्म्याहून अधिक घनफळ प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही. चौकोनी भांड्यांच्या बाबतीत फसगत अधिक होते. २० सेंटिमीटर बाजूच्या चौरस काचपात्राचा कर्ण २८.३ सेंटिमीटर असतो. कक्षाची रुंदी व खोली यांपैकी जी कमी असेल तिच्याहून हा कर्ण लहान नसेल, तर ते भांडे फिरणारच नाही. म्हणून खरेदीपूर्वी घरातील नेहमीच्या वापराचे सर्वांत मोठे काचेचे वा चिनी मातीचे भांडे मोजणे, हा लिटरच्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

वॅट हा स्वतंत्र प्रश्न आहे. अन्नात प्रत्यक्ष पोहोचणारी शक्ती व विजेच्या जोडणीतून घेतली जाणारी शक्ती या दोहोंत गल्लत होऊ देता कामा नये. ८०० वॅट देणारी भट्टी विजेतून सुमारे १,२०० वॅट किंवा त्याहून अधिक घेते. पहिल्या आकड्याची स्थूल परीक्षा घरीही करता येते. १ लिटर पाणी एक मिनिट तापविल्यावर त्याचे तापमान सुमारे ११.५ अंशांनी वाढले, तर पाण्यात ८०० वॅट शक्ती उतरली असे समजावे.

१ किलोग्रॅम शिजलेले अन्न शीतकपाटातील ४ अंशांवरून ७४ अंशांवर न्यायचे झाल्यास, त्याची विशिष्ट उष्णता सुमारे ३.५ किलोज्यूल धरता, २४५ किलोज्यूल उष्णता लागते. ७०० वॅट प्रत्यक्ष शोषले गेल्यास त्यास सुमारे सहा मिनिटे, आणि पाव किलोस सुमारे दीड मिनिट लागेल. अर्थात एकट्या माणसासाठी मोठ्या शक्तीच्या भट्टीने वाचणारा वेळ काही सेकंदांचाच असतो. एकदोघांच्या घरात केवळ तापविण्यासाठी १७ ते २० लिटरची साधी भट्टी पुरते. चारपाच माणसांचे जेवण रुंद भांड्यात तापवायचे, किंवा भाजण्याची व केक करण्याची सोय हवी, तर २५ ते ३० लिटरचा विचार योग्य ठरतो.

४. स्थाननिश्चिती

(अ) वायुवीजन. घेतलेले १,२०० व अन्नास दिलेले ८०० यांतील ४०० वॅटचा फरक उष्णतेच्या रूपाने पंख्यावाटे बाहेर पडतो. म्हणजे भट्टी चालू असताना ती एक लहानशी शेगडीच असते. बंद फडताळात ती ठेवल्यास तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते व संरक्षक खटका यंत्र बंद पाडतो. साधारणतः वर २० व मागे आणि बाजूंस १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. उत्पादकागणिक हे आकडे बदलतात, आणि सोबतच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. सुमारे ६० सेंटिमीटर खोलीच्या ओट्यावर ३५ सेंटिमीटर खोलीची भट्टी व मागील मोकळी जागा मिळून ४५ सेंटिमीटर व्यापले जातात. उरलेले १५ सेंटिमीटर गरम भांडे क्षणभर टेकविण्यास अपुरे पडतात. त्यासाठी शेजारी मोकळी जागा हवी. दार बहुधा डावीकडे उघडते, हे ध्यानात घेऊन ती उजवीकडे असावी. डाव्या बाजूस भिंत अगदी लगत असेल तर दार पुरते उघडत नाही.

(आ) शेगडी व मोरी. गॅसच्या शेगडीलगत भट्टी ठेवल्यास फोडणीतील तेलकट वाफ हवेच्या झरोक्यांत साचते व बाहेरील आच्छादन तापते. नळाजवळ ठेवल्यास शिंतोड्यांचे भय राहते. दोहोंपासून शक्य तितके अंतर राखणे इष्ट होय.

(इ) उंची. उभ्या माणसाच्या खांद्याची उंची त्याच्या एकूण उंचीच्या सुमारे ८२ टक्के असते. १५० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ती १२३ सेंटिमीटर येते. एका दाराच्या शीतकपाटाचा माथा अनेकदा याच पातळीवर असतो. त्यावर ठेवलेल्या भट्टीतून आमटीचे भांडे काढताना ते खांद्याच्या वर राहते, आतले दिसत नाही, आणि सांडले तर चेहरा व छाती भाजते. शिवाय गुळगुळीत भांड्यात तापविलेले पाणी न उकळताही १०० अंशांवर जाऊ शकते व धक्का लागताच एकाएकी उसळते. सबब भट्टीचा तळ घरातील सर्वांत ठेंगण्या वापरणाऱ्याच्या कमरेपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात असावा. लहान मुले असलेल्या घरात तो कमरेच्या खाली नसावा.

(ई) वीज. २३० व्होल्टवर १,२०० वॅटसाठी ५.२ अँपिअर प्रवाह लागतो, आणि दोन हजारांहून अधिक वॅट घेणाऱ्या संयुक्त भट्टीस सुमारे ९ अँपिअर किंवा अधिक. ६ अँपिअरची जोडणी पहिल्या बाबतीत काठावर, तर दुसऱ्या बाबतीत सर्वथा अपुरी आहे. म्हणून भूसंपर्क असलेली १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी जेथे आहे, किंवा करून घेता येईल, तेथेच भट्टीची जागा ठरवावी. जागा आधी ठरवून लांब वायरीने वीज आणणे हा उलटा क्रम होय. एकाच जोडणीवर भट्टी, २,००० वॅटची प्रवर्तन शेगडी व १,५०० वॅटची पाण्याची किटली एकदम चालविल्यास प्रवाह २० अँपिअरच्या वर जातो.

(उ) तरंगांची गळती. दाराच्या जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्याने तरंग त्यांतून बाहेर पडू शकत नाहीत. अमेरिकेतील नियमानुसार उपकरणाच्या आयुष्यभरात गळती ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा अधिक होता कामा नये. सुस्थितीतील भट्टीची जागा ठरविताना गळतीचे भय बाळगण्याचे कारण नाही. जपायचे ते दार. त्यावर ओली फडकी लटकविणे किंवा ते आपटणे टाळावे. बिनतारी इंटरनेटचे यंत्र २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालत असेल, तर त्यास भट्टीपासून दूर ठेवणे सोयीचे.

५. तात्पर्य

निवडीचा क्रम असा असावा. प्रथम विजेची योग्य जोडणी कोठे आहे ते पाहावे. मग त्या जागेची उंची व शेगडीपासूनचे अंतर तपासावे. तेथील मापांतून मोकळी जागा वजा करून भट्टीचे बाह्य माप ठरवावे. शेवटी त्या मापात घरातील भांडे फिरू शकेल अशी तबकडी मिळते की नाही, हे पाहावे. लिटरचा आकडा या क्रमात आपोआप निश्चित होतो. त्याच्यापासून आरंभ केल्यास मात्र उरलेल्या सर्व गोष्टींशी तडजोड करावी लागते.